‘ध’ लिहिणारा हात

लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने पुण्याकडे निघाले की कार्ला, कामशेत मागे पडून वडगाव लागते. जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंद्यांनी इंग्रजांना शरण आणले ते इथे. मावळातल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असते. कार्ल्याला पडलेल्या कप्तान स्टुअर्टला तर मावळाने ‘इष्टुर फाकडा’ असे कौतुकाचे नाव दिले आणि शत्रू असूनही त्याची आठवण जपली. पण ज्यांच्यासाठी ती फौज बोरघाट चढून आली होती, ते रघुनाथराव पेशवेही त्याच छावणीत होते. त्यांचे नाव निघाले की आपण एका वाक्यात त्यांची बोळवण करतो : ‘बायकोच्या नादाने पुतण्याचा जीव घेणारा राघोबा.’

माझे भांडण या एका वाक्याशी आहे. राघोबादादा हे मराठी इतिहासातले शोकनायक आहेत आणि शेक्सपिअरच्या मॅकबेथशेजारी त्यांना उभे करता येते, असे मी मानतो. यावर दोन आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप असा की शोकांतिकाच आपली नव्हे. चांगले-वाईट कळत असूनही मनाशी झगडत पापाकडे जाणारा नायक प्रबोधनकाळातल्या युरोपात जन्मला. आपल्याकडे सगळे प्रारब्धावर टाकण्याची रीत. हा आक्षेप पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांपुढे टिकत नाही. त्या पुतण्याच्या, नारायणरावांच्या, खुनाला प्रायश्चित्त काय, या प्रश्नाला शास्त्रीबुवांनी ‘देहान्त’ असे उत्तर दिले आणि पुणे सोडले. सारे प्रारब्धानेच घडत असते तर प्रायश्चित्त कशाचे? ज्याला वेगळे वागता आले असते, त्यालाच ते सांगायचे असते. शिवाय १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात आगरकरांनी हाती घेतले ते ‘हॅम्लेट’. त्याचेच पुढे ‘विकारविलसित’ झाले. शि. म. परांजप्यांनी मॅकबेथचा ‘मानाजीराव’ केला. आणि १९०९ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ लिहिले, तेव्हा त्यांना नायक शोधायला स्कॉटलंडला जावे लागले नाही. तो शनिवारवाड्यातच होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दादांनी फक्त ‘धरावे’ असे लिहिले. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून त्याचे ‘मारावे’ केले. म्हणजे खुनाचा निर्णय दादांचा नव्हताच, मग अंतर्द्वंद्व कसले? तो खाडाखोड केलेला कागद आज आपल्यापुढे नाही. तरीही वादापुरती ही कथा खरी धरू. मग विचारतो, ‘धरावे’ म्हणजे कोणाला? गादीवर बसलेल्या पेशव्याला, अठरा वर्षांच्या सख्ख्या पुतण्याला. आणि कोणाकरवी? सुमेरसिंगाच्या हत्यारबंद, पगार थकलेल्या गारद्यांकरवी. अशा माणसांना वाड्यात घालणाऱ्याने पुढच्या अक्षराची जबाबदारीही घेतलेली असते. बरे, फसवणूक झाली असे दादांना वाटले असते तर ३० ऑगस्ट १७७३च्या संध्याकाळी त्यांनी पहिले काम मारेकऱ्यांना बेड्या घालण्याचे केले असते. त्यांनी पेशवाई घेतली. ‘हॅम्लेट’मधला खुनी काका प्रार्थनेला बसतो, पण ज्यासाठी खून केला तो मुकुट डोक्यावर ठेवून क्षमा मागता येत नाही, हे त्याला उमगते. दादांपुढेही हाच पेच होता : गादीही हवी आणि प्रायश्चित्तही हवे.

मॅकबेथलाही टोचणारी बायको आहे, भविष्य सांगणाऱ्या चेटकिणी आहेत. तरी खून करण्याआधी तो स्वतःच मोजतो : राजा आपला नातलग, आपल्या घरी आलेला पाहुणा, शिवाय भला माणूस. सगळे कळते आणि तरी तो जातो. हे कळणेच त्याला शोकनायक करते. राघोबादादांचे कळणे काढून घेऊन ते आनंदीबाईंच्या माथी मारले की दोघांवरही अन्याय होतो. बाई राक्षसीण ठरते आणि दादा बाहुले.

आता माझी बाजू. गमावण्याजोगे काही असल्याशिवाय शोकनायक होत नाही. १७५८ मध्ये ज्यांच्या मोहिमेने मराठी घोडी अटकेपर्यंत पोहोचली, ते हेच रघुनाथराव. थोरले भाऊ नानासाहेब पेशवे गेले तेव्हा कर्त्या काकाला डावलून सोळा वर्षांच्या माधवरावांकडे गादी गेली. तो सल धुमसत राहिला. १७६८ मध्ये धोडपला माधवरावांकडून पराभव झाला आणि वाड्यातच नजरकैद वाट्याला आली. अपमान खरा होता, म्हणूनच मोह खरा होता. आणि खुनाच्या त्या दुपारी गारदी मागे लागलेला नारायण धावत येऊन काकांच्याच गळ्यात पडला, असे सांगतात. ‘काका, मला वाचवा’ ही हाक लोकांनी अडीचशे वर्षे विसरू दिली नाही, कारण निवाडा त्या मिठीत व्हायचा होता, हे लोकांना कळले होते.

हे दादा एके काळी स्वतः पुतणे होते. त्यांचे काका चिमाजी अप्पा. १७३९ मध्ये त्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तीच वसई, साष्टीसह, दादांनी ६ मार्च १७७५च्या सुरतेच्या तहात गादीच्या आशेने इंग्रजांना लिहून दिली. एका पापाला दुसरे पाप जोडत ते बोरघाट चढून खंडाळ्याला, कार्ल्याला आले. पुढे तळेगाव होते. शत्रूला दाणागोटा मिळू नये म्हणून मराठ्यांनी आपलेच तळेगाव जाळले होते. बाजीरावांच्या मुलाला आपला मुलूख राखेत पाहावा लागला, तोही परक्या फौजेच्या तंबूतून. इंग्रज मागे फिरले, वडगावला कोंडले गेले, करार झाला आणि दादा महादजींच्या हवाली झाले. मॅकबेथला निदान रणात मरण आले. दादा निसटले, पुन्हा इंग्रजांकडे गेले, सालबाईच्या तहानंतर नेमणुकीवर कोपरगावला राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये वारले. नाकारलेले प्रायश्चित्त त्यांना दहा वर्षे हप्त्याहप्त्याने भोगावे लागले.

मावळातल्या शिक्षकांना आणि नाट्यवेड्या मंडळींना माझी विनंती आहे. वडगावच्या विजयस्तंभापाशी मुलांना न्याल तेव्हा विजयाबरोबर हीही गोष्ट सांगा. ‘भाऊबंदकी’ पुन्हा रंगमंचावर आणा. घराघरांत गादीऐवजी सातबारा असतो, पण काका-पुतणे तेच असतात आणि मनातला झगडाही तोच असतो. त्या झगड्यात हरणारा माणूस ‘मला दुसऱ्याने फसवले’ असे म्हणू लागला की त्याला एवढेच सांगावे : ‘मा’ कोणीही केला असेल, ‘ध’ लिहिणारा हात दादांचाच होता.