पावसाचा आकडा चावडीवर लागला पाहिजे



सातबाऱ्यावर चुकीची नोंद पडली तर आपण तलाठ्याच्या दारात धरणे धरतो. बाजार समितीत काटा मारला तर मापाड्याला जाब विचारतो. डेअरीवर फॅट कमी लागली तर मशीनवर शंका घेतो. पण आपल्या शिवारात किती पाऊस पडला हे कोण मोजतो, कशाने मोजतो आणि कुठे लिहून ठेवतो, याची चौकशी आपण करीत नाही. आज त्या आकड्यावर आपले जेवढे पैसे अवलंबून आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या आकड्यावर असतील. म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही हा विषय ठेवीत आहोत.

आधी पैशाचेच बोलू. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. मंडळाच्या यंत्राने ६६ लिहिले तर अतिवृष्टी, ६३ लिहिले तर नुसता चांगला पाऊस. २०२३ साली राज्य सरकारने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नंतर हजाराच्या आसपास महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. त्या मंडळांसाठी कसोटी होती जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. समजा मंडळाची सरासरी ६०० मिलिमीटर आहे. यंत्राने ४४५ दाखवले तर कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. ४५५ दाखवले तर यातले काही नाही. हंगामभरात दहा मिलिमीटरचा फरक, आणि गावाचे वर्ष इकडचे तिकडे.

फळबागायतदारांचे तर सगळेच यंत्रावर आहे. संत्रा, मोसंबी, डाळिंब, केळी, आंबा यांचा हवामान आधारित विमा बागेत येऊन कुणी नुकसान मोजून देत नाही. ठरलेल्या तारखांत तापमान किती गेले, पाऊस किती पडला, हे संदर्भ हवामान केंद्राचे आकडे सांगतात आणि भरपाई त्यावर ठरते. बाग करपली पण केंद्रावरचा पारा अर्धा अंश खाली राहिला, तर विमा कंपनीच्या लेखी बाग हिरवीगार आहे.

आता मोजणी कशी होते ते पाहू. कृषी महाविद्यालयात आम्हाला हे पहिल्याच वर्षी शिकवले होते आणि शेतकऱ्याला समजणार नाही असे त्यात काही नाही. पर्जन्यमापक उघड्यावर हवा. जवळचे झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर आणि अगदी सपाट. वाचन रोज सकाळी साडेआठला. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जो पडला, तो आजच्या तारखेला लिहायचा.

ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. पहाटे सहाला पाऊस लागला, साडेआठपर्यंत ४० मिलिमीटर झाला आणि पुढे दहापर्यंत आणखी ३५ झाला, तर चार तासांत ७५ मिलिमीटर पडूनही वहीत दोन वेगवेगळे दिवस लागतात आणि एकाही दिवशी ६५ भरत नाही. यात कुणी लबाडी केलेली नसते. नियमच तसा आहे. पण तो माहीत नसेल तर आपण तहसील कार्यालयात जाऊन नुसते भांडून परत येतो. माहीत असेल तर तासातासाचे आकडे मागता येतात. स्वयंचलित यंत्राकडे ते असतात.

राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पात दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. साधारण मंडळाला एक. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, सगळे आपोआप नोंदले जाते. हे चांगलेच झाले, तालुक्याच्या एका मापकावर सगळा तालुका तोलण्यापेक्षा कितीतरी चांगले. पण एका मंडळात कितीतरी गावे येतात आणि वळवाचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसरे कोरडे ठेवतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शिवाय यंत्राला देखभाल लागते. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, कोळ्याने जाळे केले, खांब कलला, की पाऊस कमी भरतो. शेजारी पत्र्याचे छप्पर किंवा सिमेंटचा ओटा आला की तापमान चढते. केंद्र बसवल्यावर त्याच्या आजूबाजूला काय उगवले आणि काय बांधले गेले, हे गावाशिवाय कोण पाहणार?

या देशात पावसाची नोंद काही हौसेने सुरू झाली नाही. १८६४ साली कलकत्त्याला वादळाने झोडपले, १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला, तेव्हा कुठे १८७५ साली इंग्रज सरकारने हवामान खाते काढले. शिमल्याचे मुख्यालय १९२८ साली पुण्याला आले, म्हणून तिथली इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. १९३२ साली पुण्यातच डॉ. रामदास यांच्या हाताखाली शेतीहवामानाचा विभाग सुरू झाला. त्याआधी १९०४ ते १९२४ या वीस वर्षांत खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या ठाण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले आणि आपल्या मोसमी पावसाचे नाते दूर प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाशी जोडून दाखवले. आज ज्या एल निनोची बातमी आपण दर उन्हाळ्यात ऐकतो, तिच्या मुळाशी हे काम आहे. कुठल्या तरी ठाण्यावर कुणी तरी कारकून रोज सकाळी मापक वाचून वहीत आकडा लिहीत होता, म्हणून ते झाले. त्या वहीची किंमत आम्ही कमी लेखत नाही. ती वही आपल्यालाही दिसली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरे म्हणणे महिन्याच्या बेरजेबद्दल. शेतकऱ्याचा पाऊस नक्षत्राने चालतो, सरकारचा महिन्याने. मृगात पेर झाली का, मघा-पूर्वात दाणा भरायला ओल होती का, हे आपण पाहतो. सरकारी कागदावर मात्र जून इतका, जुलै इतका, हंगाम इतका. २०२३ चेच पाहा. देशात जुलैत सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस झाला. ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. हंगामाची बेरीज सरासरीच्या ९४ टक्के. बेरीज वाचणाऱ्याला वाटेल, फार काही बिघडले नाही. पण सोयाबीन बेरीज पीत नाही. शेंगा भरताना तीन आठवडे उघडीप पडली, तर आधीचा जादा पाऊस नाल्याने वाहून गेलेला असतो. त्या वर्षी राज्यात २१ दिवसांच्या खंडावर २५ टक्के अग्रिम विमा देण्याच्या अधिसूचना निघाल्या, आणि कंपन्यांनी त्यावर हरकती घेतल्या. तेव्हा सगळा वाद रोजच्या आकड्यांवरच येऊन थांबला.

म्हणून महिन्याच्या तक्त्यात नुसती बेरीज पुरत नाही. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेले दिवस किती, सर्वांत लांब खंड किती दिवसांचा, कमाल व किमान तापमान किती आणि यंत्र किती दिवस बंद होते, हेही हवे. बंद यंत्राच्या दिवशी ‘नोंद नाही’ असे लिहावे, शून्य लिहू नये. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. नोंद नाही म्हणजे कुणाला माहीत नाही. या दोन गोष्टी एक केल्या की पुढच्या तीस वर्षांची सरासरीही बिघडते, आणि त्याच सरासरीवर नातवंडांचा दुष्काळ ठरणार आहे.

काही कार्यकर्ते विचारतात, गावाने स्वतःची वही ठेवली तरी सरकार ती मानणार आहे का? आज मानणार नाही, हे खरे. पण वही असेल तर मंडळाचा आकडा चुकला हे त्याच आठवड्यात कळते आणि लेखी हरकत देता येते. सहा महिन्यांनी आठवणीवर भांडता येत नाही. मात्र एक अट आहे. वही खरी हवी. आपल्या सोयीचा पाऊस लिहायचा नाही. पडला तर पडला, नाही तर नाही. एकदा खोटा आकडा सापडला की पुढे खऱ्यालाही कुणी विचारणार नाही.

वहीला खर्चही मोठा नाही. तोंड आणि बूड सारखे असलेला, सरळ बाजूंचा डबा उघड्यावर सपाट ठेवला तर त्यात साठलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये म्हणजेच पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, हे शाळेतली पोरेही पटकन शिकतात. हे काम शाळेच्या पोरापोरींकडे द्यावे, साडेआठला ती वेळेवर हजर असतात.

जिल्हा बैठकीत आम्ही या मागण्या ठरावात मांडणार आहोत. मंडळाच्या केंद्राचा रोजचा आकडा सकाळी दहाच्या आत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. महिन्याचा पूर्ण तक्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत चावडीवर लावावा. मृगापूर्वी दरवर्षी केंद्राची तपासणी गावकऱ्यांसमक्ष व्हावी आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. गावाच्या जुन्या नोंदी अर्ज करताच फुकट मिळाव्यात. केंद्राने २०२३ साली आणलेल्या विंड्स योजनेत ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचे आहेत. ते कुठे बसवायचे हे ठेकेदाराच्या सोयीने न ठरता ग्रामसभेत ठरावे.

यात सवलतीची याचना कुठेही नाही. पाऊस आपल्या रानात पडतो, नुकसान आपले होते आणि विम्याचा हप्ता आपण भरतो. मग आकडा तरी आपल्या डोळ्यांसमोर लिहिला जावा. बैठकीला येताना आपापल्या मंडळाचे केंद्र कुठे आहे, त्याच्या शेजारी काय आहे, हे प्रत्यक्ष पाहून या. ज्यांना ते सापडणार नाही, त्यांनी तेवढेच लिहून आणावे. आपल्या निवेदनाची सुरुवात त्यानेच करू.