हरितगृह : शहागडला ऊब हवी की सावली ?

परसातील कुंड्यांत टोमॅटो पिकविण्यासाठी लहानसे हरितगृह उभारावे, असा विचार अलीकडे गावोगावी ऐकू येतो. विचार स्तुत्य आहे. परंतु हरितगृहाचा मूळ हेतू ध्यानात न घेता त्याचे अनुकरण केल्यास पैसा व श्रम दोन्ही वाया जाण्याचा संभव आहे.

हॉलंड, इंग्लंड यांसारख्या थंड देशांत ऊन सौम्य व उन्हाळा अल्प असतो. तेथे काचेतून आत आलेली उष्णता कोंडून धरणे, हाच हरितगृहाचा हेतू होय. गोदावरीकाठच्या शहागडची स्थिती नेमकी उलट आहे. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा वेळी प्लॅस्टिकचे बंद घर म्हणजे भट्टीच ! घर जितके लहान, तितके ते लवकर तापते.

टोमॅटोचे झाड उन्हात तग धरील, पण फळ धरणार नाही. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर व रात्रीचे सुमारे २४ अंशांच्या वर राहू लागले, की परागकण निकामी होऊन फुले गळतात. सावलीच्या जाळीने उष्मा थोडा कमी होतो, पण मे महिना काही पौष होत नाही. म्हणून भर उन्हाळ्यात फळाची आशा धरण्यापेक्षा हंगाम साधणे शहाणपणाचे आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बी टाकावे व सुमारे २५ ते ३० दिवसांची रोपे कुंड्यांत लावावीत, म्हणजे फळधारणा थंडीच्या दिवसांत येते.

तेव्हा शहागडच्या शेतकऱ्याने घर बांधावे ते बांबूचे व चोहोबाजूंनी हवा खेळणारे. रोपांच्या वाफ्यावर ४० मेशची कीटकरोधक जाळी लावावी. पर्णगुच्छ रोग पसरविणारी पांढरी माशी तिने अडते. साध्या सावलीच्या जाळीने ती अडत नाही. पावसाळी ढगाळ दिवसांत सावलीची जाळी गुंडाळून ठेवावी, नाहीतर रोपे लांबट व नाजूक होतात. डिसेंबर-जानेवारीत ज्या रात्री पारा १२ अंशांखाली उतरेल, त्या रात्रीपुरते प्लॅस्टिकचे कापड टाकावे व सकाळी लवकर काढावे. आत दमटपणा कोंडला, तर करपा बळावतो.

कुंडीसाठी तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा पुरेसा आहे. त्याच्या बुडाला भोके पाडावीत. नुसती काळी माती भरू नये. तीत पाणी साचते व वाळल्यावर ती आवळते. तीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. पाणी नियमित द्यावे. कधी ओल, कधी ताण असे झाल्यास झाडास चुना नीट मिळत नाही व फळ बुडाशी काळे पडते.

काही जण म्हणतील, अनुदान मिळते तर मोठे पॉलिहाऊस का उभारू नये ? परंतु अनुदानाने खर्चाचा काही भाग हलका होतो. कर्जाचा हप्ता व पिकाची जोखीम शेतकऱ्याच्याच माथी राहते. वळवाच्या वाऱ्याने कापड फाटले, तर नुकसानही त्याचेच.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी म्हणूनच आधी दहा-बारा डब्यांचे प्रात्यक्षिक एखाद्या अंगणात करून दाखवावे, रोजचे तापमान व निघालेली फळे यांची नोंद ठेवावी आणि मगच मोठ्या खर्चाचा सल्ला द्यावा.