थर सुटतील, जबाबदारी सुटता कामा नये

वेफर्सचे चकचकीत वेष्टन एकाच पातळ पदार्थाचे वाटते. प्रत्यक्षात छपाईसाठी पॉलिएस्टर, हवा व ओल अडविण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा आणि तोंड बंद करण्यासाठी पॉलिथिलीन असे थर त्यात एकजीव झालेले असतात. ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाल्याच्या काट्यावर त्यांना किंमत नाही. आणि किंमत नसलेली वस्तू कचरावेचक भगिनींनी उचलावी तरी कशासाठी?

या कोंडीवर रसायनशास्त्राने तोड शोधली आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत तापविलेल्या टोल्युइनमध्ये पॉलिथिलीन विरघळते, दुसऱ्या द्रावकात मधला थर विरघळतो आणि पॉलिएस्टर मागे उरते. द्रावणातून प्लास्टिक परत मिळते, द्रावकही पुन्हा वापरता येतो. कामगिरी निःसंशय मोठी आहे, आणि विज्ञानाकडे संशयाने पाहण्याचे समाजवाद्यांना कारण नाही.

परंतु त्या प्रयोगातील फिल्म वेष्टनाच्या कारखान्यातून आलेली होती. गल्लीतील पुडी तेलामिठाने माखलेली असते, आणि प्रत्येक कंपनीच्या पुडीचे थर निराळे. ती वेचणे, निवडणे, धुणे हे काम कोणताही द्रावक करीत नाही. ते माणसे करतात, बहुधा स्त्रिया.

२०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करण्याचे फर्माविले होते. मुदत संपत आली आणि मार्च २०१८ मध्ये नियमाची भाषाच बदलली. 'पुनर्वापर न होणारी' या शब्दांना 'ऊर्जा न देणारी' व 'अन्य उपयोग नसणारी' हे शब्द जोडण्यात आले. सिमेंटच्या भट्टीत जाळता येते, एवढ्या सबबीवर वेष्टनाला तगण्याची वाट मोकळी झाली. कारखानदारांना याहून अधिक काय हवे होते? आता भट्टीच्या जोडीला द्रावकाची सबब पुढे येईल. 'कारखाना येतो आहे, धीर धरा', असे सांगत थरांची विक्री चालू राहील.

म्हणून कारखाना येण्याची वाट न पाहता वेष्टनाचा वजनावर भाव ठरला पाहिजे, आणि तो उत्पादकाने दिला पाहिजे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हापासून कचरावेचक हे कामगार आहेत ही गोष्ट निदान महाराष्ट्राला नवी नाही. जेथे एकाच प्लास्टिकचे वेष्टन भागते तेथे थर चढविण्यास परवानगीच नको. आणि द्रावकाचे कारखाने निघालेच, तर टोल्युइन ज्वालाग्राही आहे व त्याची वाफ मज्जासंस्थेला बाधते, हे विसरून चालणार नाही. तेथे कंत्राटी मजूर उभे करून मालकांना हात झटकू देता येणार नाहीत. नगरपालिकांतील आपल्या प्रतिनिधींनी कचऱ्याच्या ठेक्यांवरील चर्चेत वजनावरील भावाचा प्रश्न सर्वप्रथम उपस्थित करावा.