दोन अँटिबायोटिक एकदम?

एका भगिनींनी विचारलं आहे : सासूबाईंना लघवीला जळजळ होते म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं. तिसऱ्या दिवशी खोकला-ताप आला, तेव्हा दिरांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अॅझिथ्रोमायसिन लिहून दिलं. "दोन्ही एकदम दिली तर उष्ण पडतील का?"

उष्ण-थंडाचा इथं प्रश्न नाही, पण तुमची शंका रास्त आहे. या दोन्ही औषधांनी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. प्रत्येकाची बिघडते असं नाही. मात्र उतारवय, हृदयविकार किंवा लघवी जास्त करणाऱ्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं असेल, तर धोका वाढतो. तेव्हा दुसऱ्या औषधाची पहिली गोळी देण्यापूर्वीच डॉक्टरांना फोन करा आणि सासूबाईंच्या बाकीच्या गोळ्यांची नावंही सांगा. देऊन झाली असेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांना आजच कळवा. छातीत धडधड झाली, भोवळ आली किंवा शुद्ध हरपली, तर तडक दवाखाना गाठायचा. आणि पहिलं औषध आपल्या मनानं बंद करू नका, बरं का!

दोन अँटिबायोटिक एकत्र म्हणजे वाईटच, असंही समजू नये. क्षयरोगात सुरुवातीला चार-चार औषधं एकदम देतात, कारण एकट्या औषधाला जंतू दाद देईनासे होतात. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूंवर सुद्धा दोन अँटिबायोटिक आणि जोडीला आम्ल कमी करणारी गोळी देण्याची पद्धत आहे. पण ही जोडी डॉक्टरांनी विचारपूर्वक जमवलेली असते. पत्रिका न पाहता जमवलेल्या जोडीचं काय होतं, ते 1951 साली अमेरिकेत लेपर आणि डाउलिंग या डॉक्टरांना दिसलं. न्यूमोकॉकस जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या रोग्यांत, एकटं पेनिसिलिन घेणाऱ्यांपेक्षा त्याबरोबर ऑरिओमायसिनही घेणारे जास्त दगावले. पेनिसिलिन वाढत्या जंतूंना मारतं, तर ऑरिओमायसिन त्यांची वाढच थोपवतं. मग पेनिसिलिननं मारायचं कुणाला?

आणखी एक घोटाळा घरोघरी होतो. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या, दोन वेगळ्या नावांची पाकिटं, आणि आत औषध एकच! म्हणून कंपनीच्या ठळक नावाखालची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लावावा लागला तरी चालेल. कपाटातल्या मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या तर यात मुळीच मिसळू नका.

पत्रात शेवटी लिहिलं आहे, "पोटाला त्रास नको म्हणून गोळी दुधाबरोबर देते." सिप्रोफ्लॉक्सासिन तसं देऊ नये. दुधातल्या कॅल्शियममुळे ते अंगी कमी लागतं. दह्याचंही तेच. गोळी पाण्याबरोबर द्या आणि दूध त्यानंतर दोनेक तासांनी.