पाडव्याच्या आत सापळे टांगा!

नायगाव, नरसी, बरबडा, कुंटूर, मांजरम आणि आसपासच्या बागायतदारांनो, बांधावर एखाद-दुसरंच आंब्याचं झाड असणाऱ्यांनो, परसात जांब लावलेल्या मायमाउल्यांनो,

केशरच्या कैऱ्या आता लिंबाएवढ्या झाल्यात. फळमाशीचे सापळे टांगायचे दिवस हेच. आंबा पाडाला आल्यावर सापळा आणायला धावण्यात काही राम नाही. तोवर माद्यांनी डाव साधलेला असतो.

माशी काय करते ते बघायचं असेल, तर हंगामात झाडाखाली गळलेला एखादा आंबा उचलून बघा. सालीवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसेल, भोवतालची जागा बोटाला मऊ लागेल. कापला की आत पाणचट गर आणि त्यात पांढुरक्या अळ्या. एखादी पोसलेली अळी फरशीवर ठेवा. ती नुसती वळवळत नाही. डोकं-शेपूट जुळवते आणि टुणकन उडी मारते. अशाच उड्या मारत ती झाडाखालच्या मातीत शिरते, बोटभर खोलीवर गव्हाच्या दाण्याएवढा कोष करते आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून नवी माशी निघते. मे महिन्यात आंब्यावर पोसलेली ही पिलावळ पावसाळ्यात जांबावर उतरते.

आता सांगा, फवारणी कुठे पोचणार? अळी फळात, कोष मातीत. औषधाचा अंश मात्र सालीवर राहतो, आणि तेच फळ आपली लेकरं खातात.

सापळ्यामागची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती आपल्याच देशात सापडली. बिहारमधल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत हॉलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास हाकलायला लावलेल्या सिट्रोनेला तेलावर फळमाश्या झुंडीनं येतात हे त्यांच्या कानावर आलं. त्यांनी पाठपुरावा केला, आणि १९१५ पर्यंत त्यातलं नेमकं द्रव्य हाती लागलं: मिथाईल युजेनॉल. तुळशीतही ते असतं. या वासानं आंब्या-जांबावरच्या माशीचे नर वेडे होतात, सापळ्यात येऊन मरतात, आणि नर संपले की माद्यांची अंडी फळत नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो.

सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून घाई. मादीचा संग होऊन गेल्यावर नर मारून उपयोग काय?

एकरी किमान चार सापळे, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, सावलीच्या फांदीला. आणि दुकानात ल्युर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, मागताना पीक सांगा! कारलं, दोडकं, काकडी, वाळूक, खरबूज यांवरची माशी वेगळी. ती मिथाईल युजेनॉलकडे ढुंकूनही बघत नाही. तिला क्यू-ल्युर लागतं. आंब्याची गोळी कारल्याच्या मांडवात टांगायची आणि मग ‘सापळे बोगस असतात’ म्हणायचं, हे आपल्याकडे फार चालतं.

पण एकट्यानं सापळे लावून भागत नाही. शेजारच्या बांधावरच्या गावरान आंब्याखाली सडा पडलेला असेल, तर तिथली माशी तुमच्या बागेत येणारच. तेव्हा गळलेली फळं उकिरड्यावर टाकू नका, ओढ्यात फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चांगलं आठवडाभर कडक उन्हात ठेवा, नाहीतर दोन फूट खोल खड्ड्यात पुरा. झाडाखाली वखरपाळी घाला. उघडे पडलेले कोष ऊन आणि साळुंक्या बघून घेतील. ज्यांना बाग नाही त्यांनीही परसातल्या जांबाखालचं एवढं काम करावं, हात जोडून विनंती आहे.

ही माशी कुणाला कुठे नेऊन आदळते बघा. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघानं भारतातल्या आंब्याला आणि कारलं, पडवळ, वांगं, अळू यांना दारं बंद केली. कारण, पेट्यांत सापडलेल्या फळमाश्या आणि इतर किडी. आंब्यावरची बंदी उठायला २०१५ चा जानेवारी उजाडला, म्हणजे अख्खा हंगाम गेला. ‘मराठवाडा केशर’ला भौगोलिक मानांकन आहे, पण पेटीतलं एक फळ किडकं निघालं की त्या कागदाला कोण विचारतो?

केळ्यांवर घोंगावणाऱ्या लाल डोळ्यांच्या चिलटांवर मात्र राग काढू नका. ती चांगल्या फळाला डंख करत नाहीत, आंबलेल्या फळावर जगतात. त्याच चिलटांवर मॉर्गन नावाच्या शास्त्रज्ञांनी १९१० मध्ये अमेरिकेत आनुवंशिकतेचं कोडं सोडवायला घेतलं आणि १९३३ मध्ये नोबेल मिळवलं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वर्षानुवर्षं चिलटांच्या बाटल्या सांभाळल्या, त्यांना वास आणि चव कशी कळते हे शोधायला. बागेतला सापळाही माशीच्या नाकावरच चालतो, एवढं लक्षात घेतलं तरी प्रयोगशाळेतल्या त्या कामाची किंमत कळेल.

म्हणून शाळांमधल्या विज्ञानाच्या सरांना आणि बाईंना एक सांगणं. बरणीत ओलसर वाळू घाला, वर डंख लागलेलं एक फळ ठेवा, तोंडाला पातळ फडकं बांधा. अळ्या वाळूत उतरतील, कोष होतील, माश्या निघतील. मुलं घरी जाऊन जे सांगतील, ते आमच्या पत्रकापेक्षा लवकर पटेल. तेवढं झालं की माश्या बाहेर सोडू नका, बरणी बंद ठेवूनच उन्हात ठेवा.

ल्युर कुठलं, किती दिवसांनी बदलायचं, याची शंका असेल तर गावच्या कृषी सहायकांना गाठा. सगरोळीचं कृषी विज्ञान केंद्रही लांब नाही. आणि सापळे आणायला जाताना एकटे जाऊ नका, बांधाला बांध असलेल्या चौघांची मागणी एकदम नोंदवा.