रविवारी कामगारांना टोपली विणायला लावणारे कोण?



गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्यातला एक साथी अभ्यासवर्गाला आला नाही. संध्याकाळी बल्लारपुरात परतला तेव्हा त्याच्या हातात बांबूचा छोटा पेनस्टँड होता आणि चेहऱ्यावर चार वेळा जेवल्यासारखी सुस्ती. कंपनीने सर्वांना मोहर्लीच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर नेले होते. 'टीम बिल्डिंग आणि वेलनेस' असे त्या दिवसाचे नाव. हजेरी ऐच्छिक होती, पण न येणाऱ्यांची यादी एचआरकडे जाणार होती. कंपनी कोणती ते आम्ही लिहीत नाही. या पट्ट्यात कोळसा आहे, सिमेंट आहे, वीज आहे, कागद आहे. कुठलीही धरा, फार फरक पडणार नाही.

तो जे सांगत होता ते आम्ही नीट ऐकून घेतले, कारण त्याला मजा आली होती आणि आम्हाला त्याची मजा हिसकावून घ्यायची नव्हती. पुण्याहून एक प्रशिक्षक आले होते. सकाळी त्यांनी पडद्यावर मेंदूचे चित्र दाखवले आणि हाताने काम केले की ताण कसा उतरतो ते समजावले. दुपारी बांबूकाम. त्यासाठी जवळच्या गावातून बुरूड समाजाच्या एका बाईंना बोलावले होते. बाई सतरंजीवर बसून कामट्या काढत होत्या, साहेब लोक खुर्च्यांवर बसून त्या गुंफत होते. प्रशिक्षक कौतुकाने म्हणाले, "ही कला यांच्या रक्तातच आहे." टाळ्या झाल्या. निघताना बाईंना शाल, गुलाबाचे फूल आणि पाचशे रुपये मिळाले. कंत्राटी कामगार बसमध्ये नव्हतेच. त्यांच्यातले दोघे मात्र आले होते, एक बस चालवायला आणि एक चहा द्यायला.

आता मुद्द्यावर येऊ.

हाताने काही घडवताना मन शांत होते हे खरे आहे. त्याची टिंगल करणारे आम्ही नाही. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. माणसाला पोटापलीकडचे काहीतरी लागते, हे त्यांनी नुसते जगून दाखवले नाही, त्याचा सिद्धांतही मांडला. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्यात गांधीवादाची झडती घेताना हाच प्रश्न आहे. यंत्राने माणसाचे कष्ट कमी होतात, कष्ट कमी झाले की फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती उभी राहत नाही, अशी त्यांची मांडणी होती. चरख्याकडे आणि हातकामाकडे परत चला, असे सांगणारा विचार त्यांना श्रमिकाची फुरसत हिरावणारा वाटला. आमच्या शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली नई तालीमची कल्पना मांडली गेली, हस्तोद्योगाभोवती शाळा उभारायची. ज्यांच्या सात पिढ्या हस्तोद्योगातच संपल्या त्यांच्या मुलांना ही योजना कशी दिसली असेल, हे विचारायला त्या वेळी कोणाला फारशी गरज वाटली नाही.

म्हणजे भांडण टोपलीशी नाही. भांडण फुरसतीचे आहे, ती कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या खिशातून काढून घेतली जाते, याचे. आणि इथेच त्या रविवारची गोष्ट आम्हाला बोचली.

रविवारची सुट्टी कोणा मॅनेजरने प्रेमाने दिलेली नाही. जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून १८८४ पासून ही मागणी लावून धरली. १८९० साली ती मान्य झाली. त्याआधी गिरणीतल्या माणसाला आठवड्याचा वारच नव्हता. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली आणि १९४६ साली आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आज त्याच महाराष्ट्रात, सप्टेंबर २०२५ मध्ये, कारखान्यातला दिवसाचा कमाल कामाचा वेळ ९ तासांवरून १२ तास करण्याला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत म्हणतात. कागदावर असतीलही. पण बारा तास उभ्या राहिलेल्या माणसाचे घर, बायको-पोरे, रात्रशाळा, विहारातला अभ्यासवर्ग हे सगळे त्या दिवसातून कापले जाते. मग उरलेल्या रविवारीही बस येते, ताण कमी करायला. रोग द्यायचा सहा दिवस, औषध पाजायचे सातव्या दिवशी, आणि औषधाचा दिवस रोग्याच्याच खिशातला!

खरे तर ताण कशाने येतो हे विचारायला मेंदूचे चित्र लागत नाही. शिफ्ट संपल्यावर अडीच तास थांबवले आणि ओव्हरटाइम धरला नाही, की ताण येतो. ठेकेदार बदलला आणि दहा वर्षांची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली, की येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये पंखा नसला, की येतो. चंद्रपुरात राहणाऱ्याला उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला नको. आणि आडनाव ऐकल्यावर सुपरवायझरचा सूर बदलला, की जो येतो त्याला तर कुठल्याच कार्यशाळेत शब्द नाही. यातल्या एकाही गोष्टीवर त्या दिवशी चर्चा झाली का, असे आम्ही साथीला विचारले. तो म्हणाला, "अरे, तिथे पहिला नियमच होता, निगेटिव्ह बोलायचे नाही."

'टीम' हा शब्दही तपासून घ्या. जातीव्यवस्था ही कामांची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांची, तीही एकावर एक रचलेली विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. तिथे पगार जास्त, म्हणून बाटण्याची भीतीही जास्त. गिरणीतही टीम होतीच की! फक्त ती खाते पाहून ठरत होती. आज बसमध्ये कोण बसले आणि बस कोणी चालवली ते पाहा. गेटच्या आत रोज एकाच धुळीत श्वास घेणारी माणसे कायम आणि कंत्राटी अशा दोन रंगांच्या ओळखपत्रांत वाटली आहेत. ती भिंत तशीच ठेवून साहेब आणि फोरमन यांनी मिळून एक टोपली विणली तर संघभावना वाढेल कशी?

आता त्या सतरंजीकडे वळू.

आमच्या वर्गात बुरूड समाजातली एक मुलगी येते. समाजकार्य शिकते. पेनस्टँड हातात घेऊन ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथे दोन तास विणले तर ताण जातो. आमच्या घरी दहा तास विणले तर ताण येतो. बांबू तर एकच आहे ना?" तिच्या आईच्या बोटांत कुसळे घुसून घुसून कातडे जाड झाले आहे. ते रक्तात आले नाही, कामाने आले. 'रक्तातच आहे' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण मनुस्मृतीचे म्हणणे यापेक्षा वेगळे काय होते? ज्याचे काम त्याच्या जन्मात, एवढेच तर तिलाही सांगायचे होते. बाईंकडे होते ते कौशल्य, वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेले. प्रशिक्षकांकडे होते तेही कौशल्यच. एकाला मानधन मिळाले, दुसरीला शाल. कौशल्याला रक्त म्हटले की त्याची किंमत द्यावी लागत नाही, हा त्यातला हिशेब आहे.

आणि बांबूचा हिशेब तर त्याहून जुना. बल्लारपूरची पेपर मिल १९४५ पासूनची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू दशकानुदशके सरकारी करारांनी कागदाच्या लगद्यात गेला आणि त्याच जंगलाच्या कडेला राहणारा बुरूड सवलतीच्या बांबूसाठी कार्ड घेऊन डेपोच्या फेऱ्या मारत राहिला. कर्नाटकातल्या दांडेलीच्या मिलला टनामागे दीड रुपया दराने बांबू मिळत होता आणि टोपल्या विणणाऱ्यांना तोच बाजारात हजाराच्या घरात घ्यावा लागत होता, हे माधव गाडगीळांनी लिहिले आहे. वनाधिकार कायद्याने २००६ मध्ये बांबूला गौण वनोपज ठरवले. तरी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळूनही वाहतूक परवान्यासाठी झगडावे लागले. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. गवताच्या जातीच्या एका वनस्पतीसाठी दिल्लीहून मंत्री यावा लागतो! इतकी लढाई ज्या कामटीमागे आहे, ती रिसॉर्टच्या टेबलावर 'नैसर्गिक साहित्य' म्हणून येते.

आमच्यातले काही जण म्हणाले, अशा कार्यशाळांवर बहिष्कार घाला. आम्हाला ते पटत नाही. ज्याला कायम नोकरीतली पदोन्नती हवी आहे त्याला यादीतून नाव कापून घ्यायला सांगणे सोपे, निभावणे कठीण. त्यापेक्षा आत जाऊन विचारा. हा दिवस कामाचा धरून त्याची बदली सुट्टी मिळणार का? कंत्राटी कामगार पुढच्या बसमध्ये असणार का, चहाची किटली न घेता? शिकवणाऱ्या बाईंना प्रशिक्षक म्हणून, तेवढ्याच मानधनावर बोलावणार का, खुर्चीवर? सुरक्षा समितीत कामगारांचा प्रतिनिधी आहे का आणि तिची शेवटची बैठक कधी झाली? शेवटचा प्रश्न विचारला की वातावरण थोडे निगेटिव्ह होईल. होऊ द्या.

साथीने पेनस्टँड वाचनालयाच्या टेबलावर ठेवला आहे. त्या मुलीने तो उलटा करून पाहिला, बुडाची वीण चुकली आहे म्हणाली आणि दहा मिनिटांत उसवून नीट करून दिली. आमचा पुढचा वर्ग रविवारऐवजी शनिवारी संध्याकाळी सातला ठेवला आहे, याची नोंद घ्यावी. त्या कंपनीत रविवारी मातीकामाची कार्यशाळा आहे.