रुग्णाचे हित आणि खजिन्याचे माप : अमेरिकेच्या सेनेटास अनावृत पत्र

संयुक्त संस्थानांच्या सेनेटाच्या सर्व सन्माननीय सभासदांस,



मी जन्माने सांगली जिल्ह्यातला आणि व्यवसायाने फार्मासिस्ट असून माझ्या हयातीचा मोठा भाग न्यू जर्सी राज्यात औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागे गेला आहे. या देशाचे नागरिकत्व मी शपथपूर्वक स्वीकारले आहे, आणि आपणांस चार शब्द लिहिण्याचा अधिकार त्या नात्यानेच मला पोहोचतो. पत्राची इंग्रजी प्रत माझ्या राज्याच्या दोन्ही सेनेटरांकडे रीतसर रवाना केलेली आहे. ते मराठीत प्रसिद्ध करण्याचे कारण एवढेच की, न्यू जर्सीतल्या एडिसनपासून पुण्या-सांगलीपर्यंत पसरलेल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या औषधपाण्याचा संबंध आपल्या सभागृहाच्या नियमावलीशी जडला आहे, आणि त्याची वार्ता त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या कानी गेली आहे.

आपल्या सभागृहात चर्चेला मर्यादा नाही; ती बंद करावयाची तर नियम २२ अन्वये शंभरांपैकी साठ सभासदांची संमती लागते. हे साठांचे प्रमाण १९७५ सालचे, त्यापूर्वी ते दोन-तृतीयांश होते. याला एक महत्त्वाचा अपवाद म्हणजे १९७४ च्या अर्थसंकल्पविषयक कायद्याने निर्माण केलेली ‘रिकन्सिलिएशन’ नावाची कार्यपद्धती होय, जिच्यात वीस तासांची चर्चा संपताच केवळ साध्या बहुमताने विधेयक मंजूर होते. सरकारी जमाखर्चाचा वार्षिक मेळ अल्पमताच्या अडवणुकीने रखडू नये, एवढाच तिचा मूळ हेतू होता. या सवलतीचा गैरवापर होईल हे ओळखून वेस्ट व्हर्जिनियाचे सेनेटर रॉबर्ट बर्ड यांनी १९८५ साली तिला एक कुंपण घातले : ज्या कलमाचा महसुलावर अथवा खर्चावर होणारा परिणाम केवळ आनुषंगिक आहे, ते कलम कोणाही सभासदाने हरकत घेतल्यास गळून पडावे. ठरलेल्या वर्षांपलीकडे जे कलम तूट वाढवील, तेही टिकू नये, अशी भर त्यात पुढे पडली. अशा हरकतींवर सल्ला देतो तो आपला पार्लमेंटेरियन, म्हणजे नियमांचा जाणकार असा नेमलेला अधिकारी. १९९३ साली अध्यक्ष क्लिंटन यांची आरोग्ययोजना याच मार्गाने पुढे रेटण्याचा आग्रह झाला, तेव्हा स्वतः त्याच पक्षाचे असूनही बर्ड यांनी त्यास साफ नकार दिला होता, आणि तो नकार मला आजही त्यांच्या दीर्घ कारकीर्दीतील अत्यंत आदरणीय कृत्यांपैकी एक वाटतो.

या कार्यपद्धतीला बेकायदा म्हणण्याचा माझा मानस नाही. जमाखर्चासाठी केलेला नियम जमाखर्चापुरता उत्तम आहे. माझी तक्रार आहे ती कापड मोजण्याच्या गजाने धान्य मोजण्याचा जो परिपाठ दोन्ही पक्षांनी मिळून पाडला त्याविरुद्ध. कारण त्या गजात न बसणारे जे जे काही बाजूला सांडते, ते नेमके रुग्णाच्या कामाचे असते.

२००९-१० चा इतिहास आपणांस मी सांगावा असे नाही, तथापि त्याचा बहुधा विपर्यस्त उल्लेख होतो म्हणून तो येथे नोंदवितो. त्या वेळचा आरोग्यसुधारणेचा कायदा रिकन्सिलिएशनने झाला असे सरसकट म्हटले जाते, ते खरे नव्हे. महसुलाचे विधेयक प्रतिनिधिगृहातच उपजले पाहिजे अशी घटनेची अट असल्यामुळे, सैनिकांच्या गृहखरेदीच्या करसवलतीसंबंधीचे तिकडून आलेले एक विधेयक घेऊन, त्यातील आरंभीच्या अधिनियमन-वाक्यापुढचा सर्व मजकूर रद्द करून, त्या जागी आपण आरोग्यसुधारणेचा प्रचंड मसुदा घातलात, आणि २४ डिसेंबर २००९ च्या भल्या सकाळी तो ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केलात. नव्वदी ओलांडलेले बर्ड त्या दिवशी चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आले आणि ऑगस्टमध्ये दिवंगत झालेले आपले मित्र सेनेटर टेड केनेडी यांचे नाव घेऊन त्यांनी आपले मत नोंदविले. आजारी मनुष्यास विमा नाकारू नये हा त्या कायद्याचा गाभा असा साठ मतांच्या राजरोस मार्गाने आलेला आहे, आणि म्हणूनच तो आजतागायत शाबूत आहे.

पुढे १९ जानेवारी २०१० रोजी मॅसॅच्युसेट्समधील केनेडी यांच्या रिक्त जागेवर विरोधी पक्षाचे स्कॉट ब्राउन निवडून आले आणि साठावे मत गेले. आता दोन्ही गृहांच्या मसुद्यांची संयुक्त समितीत सांगड घालून, शब्द न् शब्द तपासून, निर्दोष संहिता सिद्ध करण्याचा नेहमीचा मार्ग बंद झाला, कारण तशी संहिता आपल्याकडे परतली असती तर साठांच्या अभावी तेथेच अडकली असती. सबब प्रतिनिधिगृहाने २१ मार्च रोजी सेनेटाचा कच्चा मसुदा अक्षराचाही फेर न करता २१९ विरुद्ध २१२ मतांनी गिळला, आणि ज्या दुरुस्त्या पैशाच्या भाषेत मांडता आल्या तेवढ्याच एका पुरवणी विधेयकात घालून चार दिवसांनी आपण त्या ५६ विरुद्ध ४३ मतांनी मंजूर केल्या. जे पैशाच्या भाषेत मांडता आले नाही ते तसेच राहिले. ‘राज्याने स्थापन केलेल्या’ बाजारपेठेतून विमा घेणाऱ्यास साहाय्य मिळेल, असे शब्द त्या मसुद्यात होते. तिसांहून अधिक राज्यांनी अशी बाजारपेठ स्वतः स्थापन न करता ती केंद्र सरकारवर सोपविली, तेव्हा तेथील लक्षावधी लोकांचे साहाय्य इंग्रजीतल्या या चार शब्दांवर लटकले, आणि ते सर्वोच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी वाचविले. निकालपत्र लिहिताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी या कायद्याच्या ढिसाळ शब्दरचनेवर बोट ठेवले आणि तिचा संबंध बंद दाराआडच्या मसुदालेखनाशी व रिकन्सिलिएशनने आखूड केलेल्या चर्चेशी जोडला. ही टीका कायद्याच्या शत्रूने केलेली नाही. त्याच लेखणीने तो कायदा जगविला आहे.

त्यानंतर पाळी दुसऱ्या पक्षाची आली. २०१७ च्या जुलैत कायदा मोडीत काढण्याचा जो अखेरचा मसुदा आपल्यापुढे आला, तो मतदानापूर्वी काही तासच सभासदांच्या हाती पडला होता. मेंदूच्या कर्करोगाचे निदान झालेले त्याच पक्षाचे सेनेटर जॉन मॅक्केन काही दिवसांपूर्वीच परतले होते आणि समित्यांच्या, सुनावण्यांच्या, दुरुस्त्यांच्या रीतसर क्रमाकडे परत फिरा अशी कळकळीची विनवणी त्यांनी सभागृहाला केली होती. २८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर त्यांनी सभालेखकांच्या मेजासमोर उभे राहून अंगठा खाली करीत नकार दिला, आणि ४९ विरुद्ध ५१ मतांनी तो मसुदा पडला. त्यांच्याच पक्षाच्या सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की यांचा नकारही तितकाच धैर्याचा होता; त्यांचे स्मरण कमी केले जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात करविषयक कायद्याच्या ओघात, त्याच कार्यपद्धतीने, आपण एक विलक्षण गोष्ट केलीत. प्रत्येकाने विमा बाळगावा हे फर्मान रद्द करणे बर्ड यांनी घातलेल्या नियमात बसेना, कारण फर्मान म्हणजे पैसा नव्हे. म्हणून फर्मान कायद्यात जसेच्या तसे ठेवून ते मोडणाऱ्याचा दंड तेवढा शून्य डॉलर केलात. ज्या आज्ञेला दंड नाही ती घटनाबाह्य, आणि ती घटनाबाह्य म्हणून सगळा कायदाच बाद, असा युक्तिवाद घेऊन फिर्यादी उभे राहिले. डिसेंबर २०१८ मध्ये टेक्ससच्या एका संघीय न्यायाधीशाने तो मान्यही केला. आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिर्यादींना दाद मागण्याचा अधिकारच नाही असे सात विरुद्ध दोन मतांनी ठरवीपर्यंत, अडीच वर्षे, साऱ्या देशाचा आरोग्यविमा एका शून्याच्या आधारावर टांगलेला होता. त्या काळात काउंटरवर येणारे लोक मला विचारीत, ‘पुढल्या वर्षी माझा विमा असेल का?’ याचे उत्तर फार्मासिस्टापाशी कसे असावे?

इन्सुलिनचे प्रकरण मी जवळून पाहिले आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ऑगस्ट २०२२ मध्ये इन्सुलिनचा रुग्णाने भरावयाचा खर्च दरमहा ३५ डॉलरांपुरता मर्यादित करण्याची तरतूद आपल्यापुढे होती. मेडिकेअरच्या वृद्धांपुरती ती टिकली, कारण मेडिकेअरचा पैसा सरकारचा आहे. खाजगी विमाधारकांसाठीची तीच तरतूद नियमबाह्य असल्याचे पार्लमेंटेरियन एलिझाबेथ मॅकडोनो यांनी सांगितले, आणि त्यांनी आपले कर्तव्यच बजावले. तो नियम बाजूस सारण्याच्या बाजूने ५७ मते पडली, त्यांत विरोधी पक्षाचीही सात होती. साठ हवी होती, कलम गेले. पुढल्या जानेवारीत माझ्या काउंटरसमोर एकाच रांगेत बाप आणि मुलगा उभे राहिले. दोघांच्या चिठ्ठीवर एकच औषध, तशीच बाटली, तेच मात्रांचे आकडे. सत्तरीच्या बापाने ३५ डॉलर दिले. मुलाच्या विम्याचे डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्यापूर्वी स्वतः भरावयाची रक्कम, नववर्षाबरोबर नव्याने सुरू झाले असल्यामुळे त्याच्या पावतीवर बापाने दिलेल्याच्या कितीतरी पट रक्कम उमटली. मुलाने पावती दोनदा वाचली आणि यंत्रात काही चूक झाली आहे काय असे मला विचारले. यंत्रात चूक नव्हती. शंभरांतल्या सत्तावन्न सभासदांना जे न्याय्य वाटले ते त्या मुलाला मिळाले नव्हते, आणि याचे कारण त्याच्या प्रकृतीत अथवा औषधात कोठेही नव्हते.

जे टिकते त्यालाही मुदतीचे दावे लावलेले असते. विम्याच्या हप्त्यावरील वाढीव करसवलत २०२१ साली याच पद्धतीने दोन वर्षांसाठी आली, २०२२ साली याच पद्धतीने २०२५ च्या अखेरपर्यंत लांबली, आणि ती आणखी लांबवावी की नाही या वादावर २०२५ च्या शरदात सरकारचा कारभार सलग ४३ दिवस ठप्प झाला. मुदत संपली ती संपलीच. मधुमेह काही अर्थसंकल्पाच्या तारखा पाहून ओसरत नाही.

आणि २०२५ च्या जुलैतील कायद्याविषयी काय लिहावे? सुमारे ९४० पृष्ठांचा तो मसुदा विरोधकांच्या मागणीवरून सभालेखकांनी पाळीपाळीने मोठ्याने वाचला. त्यास जवळजवळ सोळा तास लागले. आणि नंतर रात्रभर दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या मतास टाकून दुसऱ्या दिवशी उपाध्यक्षांच्या मताने तो ५१ विरुद्ध ५० असा मंजूर झाला. गरिबांच्या सरकारी विम्यासाठी, म्हणजे मेडिकेडसाठी, कित्येक प्रौढांना महिन्याला ८० तास कामाची अट त्यात आहे. काँग्रेसच्याच अर्थसंकल्प-कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी अधिक लोक विम्याविना राहतील. त्यातच एक छोटे कलम आहे, ज्याची आपल्यापैकी किती जणांनी चर्चा केली असेल, देव जाणे. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झालेली नाहीत म्हणून ज्यांना मेडिकेड मिळत नाही आणि ज्यांचे उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली आहे, अशांना आजवर हप्त्यावर करसवलत मिळत असे. ती २०२६ पासून बंद झाली. मुलाने अथवा मुलीने कायदेशीरपणे बोलावून घेतलेले कऱ्हाडचे, नाशिकचे, रत्नागिरीचे आईबाप या वर्णनात बसू शकतात. कदाचित सविस्तर विचारान्तीही आपण हेच ठरविले असते. पण तो विचार व्हावयास हवा होता, समितीत व्हावयास हवा होता, आणि ज्यांच्यावर हा प्रसंग येणार त्यांच्यापैकी एखाद्याची साक्ष तरी घ्यावयास हवी होती.

माझी जन्मभूमी या दोषापासून मुक्त आहे असे मी भासविणार नाही. भारतात धनविधेयकावर राज्यसभेला केवळ शिफारशी करता येतात, आणि २०१६ साली आधारचा कायदा धनविधेयक म्हणूनच मंजूर करून घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते चालवून घेतले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी २०१८ साली आपल्या भिन्नमतपत्रात त्याला घटनेशी केलेली फसवणूक ठरविले. माझ्या मते न्याय त्या एकट्याच्या बाजूस होता.

आता माझी विनंती. नियम २२ मध्ये अशी दुरुस्ती करावी की, आरोग्यविषयक कोणत्याही विधेयकाची समितीत जाहीर सुनावणी झाली, अंतिम मसुदा मतदानापूर्वी किमान दोन आठवडे प्रसिद्ध राहिला, आणि अल्पमताला आपल्या ठराविक दुरुस्त्या मांडून त्यांवर मत घेण्याची हमी मिळाली, म्हणजे चर्चा साध्या बहुमताने बंद करता यावी. त्याचबरोबर, कोणास विमा वा औषध मिळावे हे ठरविणारे कलम रिकन्सिलिएशनच्या विधेयकात घालण्यास मनाई असावी. याने प्रत्येक निवडणुकीनंतर कायदा उलटासुलटा होईल असा आक्षेप घेतला जाईल. उलटापालट आजही चालूच आहे. फरक इतकाच की ती अपुऱ्या चर्चेने आणि अर्ध्यामुर्ध्या कलमांनी चालते, आणि तिची जबाबदारी कोणीच घेत नाही. साठ मते नव्हती म्हणून, असे एक म्हणतो. नियमात बसले नाही म्हणून, असे दुसरा म्हणतो. बहुमताने उघडपणे केलेल्या कायद्याचा जाब बहुमताला विचारता येतो. २०१७ च्या त्या रात्री तिघांच्या नकारावर मसुदा पडला, यावरून साधे बहुमत मिळविणे हीदेखील काही सोपी गोष्ट नाही हे आपणांस दिसलेच आहे.

नेमणुकांच्या बाबतीत २०१३ आणि २०१७ साली झाले तसे, एका दुपारी साध्या बहुमताने नियमाचा अर्थ फिरवून हे करू नये. दोन-तृतीयांशांच्या संमतीने करावे, आणि ती दुरुस्ती २०२९ च्या जानेवारीत भरणाऱ्या काँग्रेसपासून अमलात येईल असे तिच्यातच लिहावे. त्या वेळी बहुमत कोणाचे असेल आणि अध्यक्ष कोण असेल हे आज आपल्यापैकी एकालाही ठाऊक नाही. म्हणून आपला पक्ष सत्तेवर असेल की विरोधात, याचा हिशेब न करता दोन्ही बाजूंना या प्रस्तावाचा विचार करता येईल. तो नियमविषयक समितीपुढे आगामी अधिवेशनात मांडावा, अशी लेखी मागणी मी माझ्या राज्याच्या दोन्ही सेनेटरांकडे केली आहे, आणि त्यांच्या उत्तराची मी वाट पाहत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
न्यू जर्सी राज्यातील एक नागरिक